लेकीचे वरचे दात पुढे आलेत ते दिसतंय, पण रिपोर्टात खालचेही पुढे कललेत असं लिहिलंय, असं का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. मुलगी ११ वर्षं ८ महिन्यांची आहे, सातवीत. वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आहेत, ओठ मिटला तरी दोन दात बाहेरच राहतात आणि झोपेत तर खालचा ओठ चक्क वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो. शाळेत चिडवतात, आता फोटो काढताना तोंडावर हात धरते, ते बघून जीव तुटतो.

दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी पाचच मिनिटं बघितलं आणि म्हणाले वरचे दोन दात काढू, तारा लावू, दीड वर्षात सरळ. दुसरीकडे बाजूने चेहऱ्याचा एक्स-रे काढला, तो लॅटरल सेफ म्हणतात तो, आणि म्हणाल्या की दातांचा प्रॉब्लेम नंतर बघू, मुळात खालचा जबडाच मागे आहे, आत्ता वाढीचं वय आहे तर ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे आणायची प्लेट, लावू. रिपोर्टाचा कागद हातात दिला त्यातले आकडे लिहिते: एसएनए ८१, एसएनबी ७५, एएनबी ६, एफएमए २४, आयएमपीए १०२, वरचा दात एसएन रेषेला ११२, दोन्ही दातांमधला कोन ११५, ओव्हरजेट (वरचे दात खालच्यांच्या किती पुढे ते अंतर) ९ मिमी.

खाली इंग्रजीत लिहिलंय की वरचे दात पुढे कललेले आणि खालचेही पुढे कललेले. आता हेच मला कळत नाहीये. वरचे पुढे आहेत ते आंधळ्यालाही दिसेल, पण खालचे तर मागे आहेत ना, वरच्यांपासून जवळजवळ बोटभर मागे! मग ते पुढे कललेले कसे? रिपोर्ट चुकला का? आणि ह्यावरून दात काढायचे की जबड्याचं करायचं ते ठरतं का? कोणी जाणकार असेल तर साध्या भाषेत सांगा प्लीज, मी कॉमर्सवाली आहे.

दंतवैद्य_सातारा

गोदाकाठ ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, १४ वर्षं हेच काम करतोय. मुलीला न बघता ट्रीटमेंट सांगणार नाही, पण रिपोर्ट नक्की समजावतो, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न अगदी मुळावरचा आहे आणि रिपोर्ट चुकलेला नाही.

दात कुठे आहे आणि दात कसा कललाय ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालचे दात ज्या जबड्यात रोवलेत तो जबडाच मागे आहे, म्हणून ते वरच्यांपासून लांब दिसतात. पण त्या जबड्याच्या हाडावर ते सरळ उभे नाहीत, पुढे वाकलेत. मागच्या रांगेत उभा असलेला माणूस पुढचं दिसावं म्हणून वाकतो ना, तसं समजा. माणूस मागेच आहे, पण वाकलाय पुढे.

हे असं होण्याला आम्ही कॉम्पेन्सेशन म्हणतो. दोन जबड्यांमध्ये अंतर पडलं की दात ते अंतर भरून काढायला बघतात, त्यांच्यामागे आतून जीभ ढकलत असते आणि बाहेरून ओठ-गाल दाबत असतात, त्या ओढाताणीत दात जिथे स्थिर होईल तिथे उभा राहतो. खालचा जबडा मागे असेल तर खालचे दात बहुतेक वेळा पुढे झुकतात. उलट खालचा जबडा पुढे वाढलेला असेल तर खालचे दात आत झुकतात आणि वरचे बाहेर येतात, म्हणजे तिथेही दोघं एकमेकांना गाठायलाच बघतात.

आता तुमचे आकडे. एसएनए म्हणजे कवटीच्या बुडाच्या रेषेपासून वरचा जबडा किती पुढे, स्टायनर नावाच्या डॉक्टरांच्या हिशोबात ८२ च्या आसपास. तुमचा ८१, म्हणजे वरचा जबडा जागच्या जागी आहे. एसएनबी तसाच पण खालच्या जबड्याचा, साधारण ८० हवा, मुलीचा ७५. दोन्हींतला फरक एएनबी, तो २ च्या आसपास असतो, इथे ६. म्हणजे दोष वरच्या जबड्यात नाही, खालचा मागे राहिलाय. पहिल्या डॉक्टरांनी फक्त दात बघितले असतील तर वरचे पुढे आहेत एवढंच दिसणार, ते खोटं नाही पण अर्धंच आहे. (एएनबी एकट्यावर आम्हीही अवलंबून राहत नाही, कपाळ-नाकाच्या सांध्याचा तो बिंदू पुढेमागे असला तरी आकडा बदलतो, म्हणून चेहरा समोर ठेवूनच वाचतो.)

आयएमपीए म्हणजे खालच्या जबड्याच्या खालच्या कडेशी खालच्या दाताने केलेला कोन. गुण्या लावून भिंतीचा काटकोन बघतात तसा. ९० च्या आसपास, ५ इकडे तिकडे, असं ट्वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं. आपल्याकडच्या लोकांत दात थोडे जास्तच पुढे असतात, त्यामुळे ९५-९८ बघून मी घाबरत नाही. पण १०२ म्हणजे कललेलेच.

आणि आता जे सांगतो ते नीट वाचा. अडीच अंश कलला की दाताची कड साधारण १ मिमी सरकते असा ढोबळ हिशोब आम्हाला शिकवतात. ९५ ला सरळ धरलं तरी मुलीचे खालचे दात ७ अंश जादा पुढे आहेत, म्हणजे जवळपास ३ मिमी. ते दात सरळ असते तर तुमचा ओव्हरजेट ९ नाही, १२ दिसला असता. म्हणजे निसर्गाने ३ मिमी आधीच भरून काढलेत आणि जबड्यांमधलं खरं अंतर तोंड उघडून बघताना दिसतं त्याहून मोठं आहे. म्हणून फक्त पट्टीने ओव्हरजेट मोजून ट्रीटमेंट ठरवू नये असं मी माझ्या ज्युनियर पोरांना रोज सांगतो.

एक साधी गोष्ट घरी करून बघा. मुलीला खुर्चीवर सरळ बसवा, मान वर-खाली नको, खिडकीच्या उजेडात बाजूने एक फोटो काढा, ओठ सैल. मग तिला सांगा खालचा जबडा हळूच पुढे आण, वरचे-खालचे दात कडेला कड लागतील एवढाच, आणि ओठ मिट. दुसरा फोटो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात चेहरा छान दिसला, हनुवटी आली, ओठ न ताणता मिटले तर खालचा जबडा पुढे आणायच्या उपचाराला अर्थ आहे. दुसऱ्यात तोंड पुढे फुगल्यासारखं दिसलं तर वेगळा विचार करावा लागतो.

गोदाकाठ

डॉक्टर खूप खूप आभार, एवढं सविस्तर आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेतला माणूस वाचून एकदम डोक्यात उजेड पडला.

फोटो काढले आत्ताच. खरं सांगू, दुसरा फोटो बघून डोळ्यात पाणी आलं. तिची आत्या दिसते अगदी, हनुवटी बाहेर, ओठ आपोआप मिटलेले, हनुवटीवर एरवी संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात ते पण गेले. ती स्वतः पण बघत बसली फोटोकडे.

पण आता अजून एक गोंधळ. सासूबाई म्हणतात ही बापावर गेली, त्याचाही खालचा जबडा असाच मागे. बाजूने बघितलं तर खरंच आहे, हनुवटी तशीच. पण ह्यांचे वरचे दात पुढे नाहीत हो! उलट मधले दोन आत वळलेत, वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकतात, खालचे दिसतच नाहीत, आणि टाळूला खालचे दात टोचतात म्हणून तक्रार असते. जबडा एकसारखा आणि दात बरोब्बर उलटे, हे कसं काय?

दंतवैद्य_सातारा

वा, हे तर घरातच पुस्तक आहे तुमच्या. दोघंही अँगल नावाच्या डॉक्टरांच्या वर्गवारीत क्लास टूच, म्हणजे खालचं मागे, अँगलने १८९९ मध्ये दाढांच्या मेळावरून ही वर्गवारी केली ती आजही चालते. मुलगी डिव्हिजन वन म्हणजे वरचे दात बाहेर, साहेब डिव्हिजन टू म्हणजे वरचे मधले दात आत वळलेले.

फरक खालच्या ओठाने पडतो. मुलीचा खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकतो, तुम्ही स्वतःच लिहिलंय झोपेत तिथे जातो म्हणून. मग तो रात्रभर वरच्या दातांना बाहेर ढकलतो आणि खालच्यांना आत. तरी तिचे खालचे दात पुढेच आहेत, म्हणजे जिभेचा जोर वरचढ ठरला असणार. साहेबांचा खालचा ओठ बघा, बहुतेक वर चढून वरच्या दातांच्या अर्ध्याहून जास्त भागावर बसत असेल, चेहरा खालून आखूड, जबड्याचे स्नायू दणकट, दात-ओठ आवळल्यावर गालाशी गाठ उठत असेल. असा ओठ वरच्या मधल्या दातांना आत दाबत राहतो. दात आत वळले की त्यांना खालून अडवायला काही राहत नाही आणि ते वर-खाली एकमेकांवर चढत जातात, म्हणून टाळूला टोचणं.

म्हणजे एकच जबडा, पण दाताचा कोन ओठांनी ठरवला. म्हणून दातावरून जबडा ओळखायला जाल तर फसाल. साहेबांचे दात बघून कोणीही म्हणेल ह्यांना काही नाही.

आणि गंमत म्हणजे अशा डिव्हिजन टूमध्ये उपचाराची सुरुवात उलटी होते, आत वळलेले वरचे दात आम्ही आधी बाहेर काढतो. पेशंट घाबरतो, दात सरळ करायला आलो आणि हे पुढे काढतायत! पण दारच बंद असेल तर खालचा जबडा पुढे येणार कुठे, त्याला वरच्या दातांनी कोंडलेलं असतं. वाढत्या वयाच्या मुलांत दात बाहेर काढल्यावर मग त्यांनाही जबडा पुढे आणायची प्लेट लावतात. साहेबांचं वय काय ते माहीत नाही, पण टाळूला जखम होत असेल तर दाखवून घ्या, वरच्या दातांच्या मागची हिरडी त्याने खराब होते.

कऱ्हाडचा_पोरगा

डॉक्टरांनी जे सांगितलं ना की दात निसर्गाने आधीच भरून काढलेले असतात, ते मी अंगावर अनुभवलंय म्हणून लिहितो. माझं उलट, क्लास थ्री. खालचा जबडा मोठा, हनुवटी पुढे. पण दात बघायला गेलं तर जेमतेम उलटे, खालचे वरच्यांच्या पुढे २ मिमी असतील. मला वाटायचं २ मिमीच तर आहे, तारा लावून होईल.

२३ व्या वर्षी मेडिकल-डेंटलच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी सेफ काढून समजावलं की तुझे वरचे दात बाहेर वाकलेत, खालचे आत वाकलेत, म्हणून २ दिसतंय, खरं अंतर खूप आहे, तारांनी अजून वाकवायला जागाच नाही, आणि तुझी वाढ संपलीय, आता ऑपरेशनच लागेल. आणि मग सांगितलं की ऑपरेशनच्या आधी हे सगळे वाकलेले दात पहिले सरळ उभे करणार. म्हणजे काय, तर आधी वाईट करणार. खालचे बाहेर, वरचे आत.

ते १४ महिने मी आयुष्यात विसरणार नाही. महिन्या-महिन्याला तोंड बिघडत गेलं. २ चे ७ मिमी झाले. भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तुटायचा नाही, मोडून बाजूने खायचो, मिसळीतला पाव दाढेनेच. गावाकडं जत्रेला गेलो तर चुलते म्हणाले, अरे पैसे घालून हे काय करून घेतलंस, आधी बरं होतं की. आई रात्री रडली. मला पण वाटलं फसलो का काय. कोणीतरी आधीच सांगितलं असतं ना की दात सरळ झाले की जबड्याचं खरं अंतर उघडं पडतं, आणि ते उघडं पडल्याशिवाय सर्जनला जबडा पूर्ण अंतर सरकवता येत नाही, तर एवढा त्रास झाला नसता. दात वाकलेलेच ठेवून ऑपरेशन केलं तर जबडा २ मिमीच सरकला असता आणि चेहरा तसाच राहिला असता, हे मला कितीतरी नंतर समजलं.

ऑपरेशनमध्ये वरचा जबडा थोडा पुढे आणि खालचा मागे घेतला, बारीक टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू आहेत आत. पहिले काही आठवडे नाचणीची पेज, वरणाचं पाणी, ताक, मिक्सरमधून काढलेली खिचडी. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होती, दाढी करताना कळायचं नाही, ती संवेदना हळूहळू सहा-सात महिन्यांत आली, थोडी अजून डाव्या बाजूला कमी आहे. पण पुन्हा विचारलं तर पुन्हा करीन. पहिल्यांदा समोरच्या दातांनी पेरू तोडला तेव्हा आईला व्हिडिओ कॉल केला होता.

ताई तुमच्या मुलीचं वय आहे, आत्ता प्लेटीने जेवढं मिळेल तेवढं मिळवा. माझ्यासारखं वाढ संपल्यावर हाड कापावं लागतं.

शिवडी_लोकल

मी थोडं वेगळं सांगते, कारण हे वाचून कोणाला वाटेल की दात काढणं वाईटच. माझे दोन्ही जबडे बरोबर होते, एएनबी ३ होता, म्हणजे वरचा-खालचा मेळ नीट. पण वरचे-खालचे दोन्ही दात पुढे कललेले, ह्याला बायमॅक्स म्हणतात. दोन्ही दातांमधला कोन ११० होता. आपल्या भागात हे खूप दिसतं, दात रांगेत छान असतात, वेडेवाकडे नसतात, पण तोंड भरलेलं वाटतं आणि ओठ मिटायला जोर लावावा लागतो. मला तर ओठ मिटून बस म्हटलं की हनुवटी गोळा व्हायची, तेच खड्डे जे ताईंनी लिहिलेत.

माझे चार दात काढले, चारही बाजूंनी सुळ्याच्या मागची एकेक उपदाढ. प्रत्येकी साधारण ७ मिमी जागा मिळते. मग जबड्यात छोटे स्क्रू लावून समोरचे सहा-सहा दात मागे नेले. ओठ आत गेले पण दात गेले तेवढे नाही गेले, ओठ कमीच जातो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून अपेक्षा बरोबर होती. आज आरामात ओठ मिटून लोकलमध्ये झोपते, एवढंच हवं होतं.

एक गोष्ट विचारायला शिका सगळ्यांनी: दात मागे जाताना तो उभा राहून जाणार का नुसता आत पडणार? माझ्या मैत्रिणीचे वरचे दात ओढताना तोल गेला, कड आत आली आणि मूळ तिथेच राहिलं, हसली की दात आत वळलेले दिसतात, आणखी वर्षभर तार लावून मूळ सरकवावं लागलं. मुळाच्या ह्या कोनाला टॉर्क म्हणतात. दातावर चिकटवतात त्या ब्रॅकेटमध्येच तो कोन बनवलेला असतो, माझ्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की चौकोनी तार खाचेत पिळून बसते आणि त्या पिळामुळे मूळ हलतं. गोल तारेने ते होत नाही, नुसता दात कलतो. माझ्याकडे बोटाने धरून ती तार फिरवून दाखवली तेव्हा पटलं.

पाणवठा

माझी गोष्ट सांगणं भाग आहे, आनंदाने नाही सांगत. मी २६ ची असताना खालच्या दातांत गर्दी होती. चेहरा लांबट आहे माझा, हनुवटीचं हाड बाजूने बघितलं तर बारीक. मला दात काढायचे नव्हते, मीच हट्ट केला, आणि डॉक्टरही लगेच हो म्हणाले, म्हणाले जागा करू. जागा कशी केली तर खालचे दात पुढे पसरवले. सेफ काढलाच नव्हता. दात रांगेत आले, मी खूश. तीन वर्षांत खालच्या मधल्या दोन दातांची हिरडी खाली उतरली, मूळ दिसायला लागलं, थंड पाणी लागायचं. हिरडीच्या डॉक्टरांनी टाळूतून तुकडा घेऊन तिथे लावला.

त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं की लांब चेहऱ्याच्या लोकांत त्या दातांभोवतीचं हाड पत्र्यासारखं पातळ असतं, दात पुढे ढकलला की मूळ हाडाच्या बाहेर निघतं, आणि हाड गेलं की हिरडी राहत नाही. दातांची रांग फक्त वरून दिसते, खाली हाड किती आहे ते बाजूच्या एक्स-रेशिवाय दिसत नाही. कोणीही सेफशिवाय तारा लावू नका, एवढी माझी विनंती आहे. ताईंनी दुसरीकडे दाखवलं आणि त्या डॉक्टरांनी सेफ काढला हे वाचून बरं वाटलं.

दंतवैद्य_सातारा

पाणवठा, वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर आहे आणि त्यामागचा हिशोब लिहितो, कारण तो ताईंच्या कागदावरच आहे.

ट्वीडचा त्रिकोण म्हणून आहे. एक रेषा डोळ्याखालच्या हाडापासून कानापर्यंत आडवी, दुसरी खालच्या जबड्याची कड, तिसरी खालच्या दाताची. त्रिकोण असल्याने तीन कोनांची बेरीज १८० च. ट्वीडच्या हिशोबात जबड्याचा उतार (तुमच्या कागदावरचा एफएमए) २५, जबड्यावर दात (आयएमपीए) ९०, आणि आडव्या रेषेशी दात ६५. मुलीचा बघा, २४ अधिक १०२, म्हणजे तिसरा कोन ५४ राहिला, ६५ ला ११ कमी.

आता लांब चेहऱ्याच्या माणसाचा जबडा खाली उतरता असतो, उतार ३५ धरा. तिथे ६५ टिकवायचे तर दात जबड्यावर ८० ने म्हणजे आत झुकलेला हवा. उतारावर घर बांधताना भिंत जमिनीला काटकोनात नाही, ओळंब्याला धरून बांधतात ना, तसंच. म्हणूनच लांब चेहऱ्यात दात बहुतेक सरळ किंवा आत झुकलेले असतात, आणि ९० चा कोन त्यांच्यासाठी आधीच पुढे गेलेला असतो. आखूड-चौकोनी चेहऱ्याला थोडा जास्त कोन चालतो. ९० ही सगळ्यांना लागू होणारी रेघ नाही, चेहऱ्यानुसार हलते, स्टायनरनेही १९५० च्या दशकात हेच केलं, एएनबी जसा वाढतो तसे दातांचे कोन किती सोडून द्यायचे ह्याचा तक्ताच काढला.

आणि हे ट्वीडला पुस्तकातून नाही सुचलं. तो अँगलचा शिष्य, अँगलचा दात काढायला कडक विरोध, सगळे दात ठेवायचे आणि कमान मोठी करायची. ट्वीड अ‍ॅरिझोनात तसंच काम करत राहिला आणि नंतर त्याला दिसलं की आपल्याच पेशंटची तोंडं पुढे आलीत आणि दात परत वाकडे होतायत. त्याने आपल्या १०० पेशंटवर परत उपचार केला, उपदाढा काढून खालचे दात हाडावर सरळ उभे केले, आणि १९४० मध्ये त्या सगळ्यांचे आधीचे-नंतरचे रेकॉर्ड सहकाऱ्यांसमोर मांडले. गुरूच्या मताविरुद्ध आपल्या चुका टेबलावर ठेवणं सोपं नाही, मला त्या माणसाचा फार आदर वाटतो.

ताई, आता ट्विन ब्लॉकबद्दल खरं सांगतो, भुलवत नाही. स्कॉटलंडच्या क्लार्कने १९७७ मध्ये काढलेली प्लेट आहे, वर एक, खाली एक, दोन्हींचे उतरते ठोकळे एकमेकांवर बसतात आणि तोंड मिटलं की खालचा जबडा पुढेच राहतो. जेवतानाही घालायची असते. त्याने ओव्हरजेट झपाट्याने कमी होतो, पण त्यातला बराच भाग वरचे दात आत आणि खालचे दात पुढे कलल्यामुळे असतो, जबड्याचा वाटा त्या मानाने कमी. आणि तुमच्या मुलीचे खालचे दात आधीच १०२ वर आहेत! म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, खालच्या प्लेटीचं अ‍ॅक्रिलिक खालच्या समोरच्या दातांच्या कडांवर टोपीसारखं घेणार का, त्याने कलणं थोडं रोखलं जातं. दुसरं, वाढ कुठे आहे ते कशावरून ठरवलं.

वाढ त्याच एक्स-रेत दिसते, वेगळा काढायला नको. सेफमध्ये मानेचे मणके येतात, दुसरा, तिसरा, चौथा. लहानपणी त्यांची खालची कड सपाट असते, वाढीचा जोर जवळ आला की एकेक करून खालून खोलगट होत जाते. दुसऱ्या-तिसऱ्याला खळगा पडलाय आणि चौथ्याला अजून पडतोय, तो काळ सगळ्यात चांगला. मुलींमध्ये उंचीचा जोर बहुतेक पाळी सुरू होण्याच्या साधारण वर्षभर आधी येऊन जातो, म्हणून पाळी आलीय की नाही हे डॉक्टर विचारतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सांगायचं.

शिवडी_लोकल

डॉक्टर एक विचारते, हल्ली मुलं व्हिडिओ बघून जीभ टाळूला चिकटवून बसतात, जबडा पुढे येतो म्हणून. माझा भाऊ दिवसभर करतो. काही होतं का?

दंतवैद्य_सातारा

मोठ्या माणसाचा जबडा जीभ टाळूला लावून पुढे येतो ह्याला भरवशाचा पुरावा नाही. लहान मुलाची जीभ सतत खाली असेल, नाक बंद आणि तोंडाने श्वास चालू असेल तर ते मात्र बघायला हवं, तिथे आधी कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवतो. भावाला सांगा, दात-जबड्याचं काही वाटत असेल तर एकदा दाखवून घे.

गोदाकाठ

दोन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांना कळवायचं होतं.

सगळे प्रश्न कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांकडे परत गेलो, ह्यांनाही नेलं. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत, उलट एक्स-रे लाईटवर लावून मुलीलाच समोर उभं केलं आणि तिच्या मानेचे मणके दाखवले. दुसऱ्याची आणि तिसऱ्याची खालची कड आत गेलेली स्पष्ट दिसली, चौथ्याला अगदी हलकीशी वाटी सुरू झालीय. पाळी आलेली नाही. म्हणाल्या उशीर नको.

ठरलंय ते असं: आधी वरची कमान थोडी रुंद करायची कारण जबडा पुढे आला की वरची अरुंद पडते, प्लेटीतच एक बारीक स्क्रू आहे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मला किल्लीने पाव फेरी द्यायचीय. खालच्या दातांवर टोपी घेणार आहेत, मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. ९ ते १२ महिने प्लेट, मग परत सेफ, आणि दात काढायचे की नाही ते तेव्हा. आत्ता दात काढून वरचे मागे घेतले तर दात खालच्या जबड्याला जुळतील पण हनुवटी तिथेच राहील, आणि वाढीचा हा काळ परत येणार नाही, असं म्हणाल्या. खालचे दात जास्तच पुढे गेले तर पुढच्या टप्प्यात खालच्या दोन उपदाढा काढाव्या लागू शकतात हेही स्पष्ट सांगितलं, मला ते लपवलं नाही हे आवडलं.

ह्यांच्या टाळूला खरंच जखम आहे, खालच्या दातांची खूणच उमटलीय. डॉक्टरांनी ह्यांना ओठ सैल सोडायला लावून आरशात दाखवलं, खालचा ओठ वरच्या दातांवर पार वरपर्यंत चढलेला. आणि शेजारी लेक उभी, तिचा ओठ दातांच्या मागे. दोघं बापलेक आरशात एकमेकांचे ओठ बघत होते. ह्यांचंही माप पुढच्या महिन्यात घेणार.

काल मुलीचा मेणाचा चावा घेतला. गरम मेणाची पट्टी दाताखाली ठेवून जबडा पुढे आणायला सांगितलं, ती म्हणाली आई, हे तर आपण खिडकीपाशी केलं तेच आहे. एकदाच पूर्ण ९ मिमी नाही पुढे घेतलं, आधी ६, उरलेलं नंतर ठोकळ्यावर भर घालून. सोमवारी प्लेट मिळणार. शाळेत डब्याच्या सुट्टीत ती घालूनच खायचं आहे, सुरुवातीला मऊ काय देऊ ते कोणाला सुचत असेल तर लिहा, पोळीचा लाडू आणि दहीभात एवढंच डोक्यात येतंय.

कऱ्हाडचा_पोरगा

ताई, उपमा जरा पातळ करून, शिरा, इडली सांबारात बुडवून, आणि पिकलेलं केळं. पहिले तीन-चार दिवस लाळ खूप येते आणि बोलणं बोबडं होतं, तिला आधीच सांगून ठेवा आणि वर्गशिक्षिकांनाही. मोठ्याने धडा वाचायला लावा घरी, त्याने लवकर जमतं.